वर मामाची खोली

नाही, मला एक सांगा, ज्या खोलीला भिंती नाहीत, छप्पर नाही, दाराच्या जागी नुसती हवा आहे, त्या खोलीत शिरताना पाय पुसायचे का? पुसायचे! आमच्या आईच्या राज्यात पुसायचे! आणि समजा हातात ओल्या कपड्यांची बादली आहे, बादली जड आहे, आणि तुम्ही दारानं न जाता बाजूनंच पाय टाकून आत गेलात, की झालंच... "नोएमी! भिंतीतून गेलीस? भूत आहेस का गं तू? दार कशाला ठेवलंय मग?" अगं आई, कुठली भिंत? सिमेंटच्या ब्लॉकची एक ओळ आहे, माझ्या घोट्याला लागते! त्या ओळीत एका जागी दोन ब्लॉक कमी आहेत, त्याला आमच्याकडे दार म्हणतात! आमचा कुत्रा आहे ना, कपितान, अख्ख्या गल्लीत त्याच्याएवढा मठ्ठ कुत्रा नाही, स्वतःच्या शेपटीवर भुंकतो, पण तोसुद्धा ब्लॉकवरून उडी मारत नाही हो, वळसा घालून दारातून येतो. का? तर वर मामाची खोली आहे!

आता तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्हीही या शेला गावचेच. तुमच्याही छपरातून सळया वर आल्याच असतील, टोकांवर सोड्याच्या बाटल्या उलट्या घातलेल्या, गंजू नयेत म्हणून. आणि तुमच्याकडेही कोणीतरी बोट वर करून सांगत असेलच, वर थोरल्याची खोली, वर जावयाची खोली, वर शिवणाचं दुकान. हे आपलं गाव अर्धं ब्लॉकचं आणि अर्धं हवेचं. पण निदान तुमच्याकडची माणसं हवेतल्या खोलीचा केर तरी काढत नसतील! आमची आई काढते. दर शनिवारी. कोपऱ्यातून दाराकडे, दारातून बाहेर. जोराचा वारा सुटलेला असतो, समोरून सांता मारिया डोंगराची थंडी अंगावर येत असते, आणि ही बाई आकाशाखाली कोपरे झाडतेय!

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, रिगोबेर्तो. मी दुसरीत असताना तो ह्यूस्टनला गेला. जाताना सळया उभ्या केल्या, ब्लॉकची एक ओळ टाकली आणि म्हणाला, "ताई, ही माझी खोली हं, आलो की भिंती चढवतो." माझं दुसरीचं वर्ष संपलं, शाळा संपली, कॉलेज संपलं, मामा तिकडे लोकांच्या घरांवर छपरं घालतोय, आणि इथे त्याच्या खोलीत पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी, गॅसचं सिलिंडर आणि कपितान!

बरं, असू दे. हवेची खोली हवेत असू दे, माझं काय जातंय? पण माझंच जातंय हो! तुम्हाला सांगते, मी इथल्या स्पॅनिशच्या शाळेत परदेशी लोकांना शिकवते. रीतसर पदवी आहे माझ्याकडे, पण आई शेजारणींना सांगते, "आमची नोएमी गोऱ्यांशी गप्पा मारते." आणि वर हिनंच शाळेत जाऊन नाव घातलं, की आमच्याकडेही विद्यार्थी राहायला पाठवा. मला विचारलं? छे! शाळेचा नियम काय? विद्यार्थ्याला स्वतंत्र खोली हवी, टेबल हवं, दाराला कडी हवी. आमच्या घरात दोन खोल्या. एक आईची, तिच्यात आई आणि तिचे सगळे संत. दुसरी, कडीवाली, कुणाची? माझी! म्हणजे होती. आता मी कुठे? सोफ्यावर! दिवसभर परदेशी माणसांना शिकवायचं आणि रात्री त्यांनाच आपल्या पलंगावर झोपवून आपण सोफ्यावर आडवं व्हायचं, तेही पूर्ण आडवं नाही, सोफा कमरेपाशी संपतो, पुढच्या माझ्यासाठी खुर्ची लावावी लागते.

मग मी सरळ म्हटलं, "आई, वर एक खोली बांधू. मी पगारातून भर घालते. कोपऱ्यावर डॉन चेपे गवंडी राहतोच."

"वर कुठे?"

"वर म्हणजे वर. छपरावर."

"वर मामाची खोली आहे."

"तिथेच बांधू."

"जिथे खोली आहे तिथे खोली कशी बांधणार गं? कॉलेजात हेच शिकवलं का तुला?"

आता बोला! मोठ्या माणसांशी वाद घालायचा म्हणजे असं, त्यांचं उत्तर चुकीचं आहे हे दिसतं, पण कुठे चुकलंय तिथे बोटच ठेवता येत नाही!

अशात आमच्याकडे आल्या पिर्कोबाई. फिनलंडच्या. तिकडे पोस्टात मोठ्या हुद्द्यावर होत्या, आता निवृत्त. काठीसारख्या उंच, केस पांढरे, आणि बोलणं किती? तिकीट फाडून दिल्यासारखा एक एक शब्द. मला वाटलं, देवा, घरात एक म्हातारी कमी होती का, म्हणून दुसरी पाठवलीस? पण मग म्हटलं थांब, ही बाई नसलेलं काही बोलणाऱ्यातली दिसत नाही...

पहिल्या आठवड्याचा धडा, माझं घर. आता आमच्या स्पॅनिशमध्ये प्रत्येक वस्तू एक तर बाई नाही तर पुरुष. आणि पिर्कोबाईंच्या भाषेत तो आणि ती याला शब्दच एक! नवऱ्यालाही तोच, बायकोलाही तोच. तरी मी आपली शिकवतेय... घर, बाई. खोली, बाई. खुर्ची, टेबल, पलंग, खिडकी, दार, स्वयंपाकघर, सगळ्या बाया. म्हणजे ज्याच्यावर घर चालतं तेवढं सगळं बायकांचं. "पुरुष कोण?" पिर्कोबाईंनी विचारलं. मी म्हटलं, सोफा पुरुष. दिवसभर पसरलेला. छप्पर पुरुष, आमचं तर गळतंही. संडास पुरुष.

पिर्कोबाईंनी सगळं वहीत उतरवलं. मग म्हणाल्या, "नियम कोणी केले?"

"पुरुषांनीच असणार."

"मग चुकून खरं सांगून गेले."

तेव्हापासून मला त्या आवडायला लागल्या, खोटं कशाला बोलू! मग आणखी पुढे गेलो, तर आमच्याकडे 'आहे' एक नाही. कायमचं 'आहे' वेगळं, आत्तापुरतं 'आहे' वेगळं, आणि अमुक ठिकाणी अमुक वस्तू आहे असं सांगायचं 'आहे' आणखी तिसरं. हे ऐकून बाकीचे विद्यार्थी रडतात. पिर्कोबाईंनी नुसती मान हलवली आणि विचारलं, "सौना कुठे आहे?" मी म्हटलं, वाफेनं अंघोळ करायची ती खोली ना, सौना, ती आमच्या घरात नाही. "नाही?" नाही. "मग हे घर कसं?"... घ्या! प्रत्येकाच्या घरात नसलेलं काहीतरी असतंच म्हणायचं!

आमच्या शाळेत दर शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांचं जेवण असतं. विद्यार्थी, शिक्षक, ज्यांच्याकडे ते राहतात ती घरची माणसं, सगळे येतात, आणि प्रत्येक विद्यार्थ्यानं उभं राहून आठवड्याचा धडा आपल्या शब्दांत बोलून दाखवायचा. विषय ठरलेला, मी राहते ते घर. आणि तिथेच माझ्या डोक्यात वीज चमकली! मी पिर्कोबाईंना बजावलं, "हे बघा, व्याकरणाचा पहिला नियम, जे डोळ्यांना दिसतं तेवढंच बोलायचं. घरात कोणी काहीही सांगो. खाली काय आहे, वर काय आहे, डोळ्यांनी बघा, बोला." असा कुठलाही व्याकरणाचा नियम नाही, पण वेळप्रसंगी करावा लागतो! माझा बेत असा, की शुक्रवारी भर जेवणात ही करारी बाई उभी राहील, आमच्या आईसमोर, मुख्याध्यापक डॉन एव्हारिस्तोंसमोर, पन्नास माणसांसमोर, आणि म्हणेल, वर काही नाही. बस्स! एवढं एक वाक्य! चारचौघांत झालं की आईला खोली कुठली आहे म्हणता येणार नाही, आणि सोमवारी मी डॉन चेपेच्या दारात!

पण मी विसरले की धडा मी दिवसा शिकवते, आणि संध्याकाळ आईच्या ताब्यात असते.

गुरुवारी संध्याकाळी मी बाजारातून पानात उकडलेले बटाट्याचे पाचेस घेऊन आले, गुरुवार म्हटलं की पाचेस हवेतच, तर खाली कोणी नाही. वरून आवाज येतोय. जिन्यात थांबले. आई बोलतेय, खास पाहुण्यांसाठीचा आवाज काढून, "या पिर्कोबाई, या, सांभाळून, उंबरा आहे. हा पलंग. पलंग या भिंतीला लावलाय म्हणजे उशाला गार लागत नाही. ही खिडकी. सकाळी उठलं की सांता मारिया थेट तोंडासमोर! पडदा निळा आहे, रिगोला लहानपणापासून निळाच लागतो. आणि हे कपाट. त्याचं उजवं दार जरा अडकतं, वर उचलून उघडायचं."

ऐकलंत? नसलेल्या कपाटाचं दार अडकतं! आणि वर उचलायचं!

मी डोकं वर काढून बघितलं. मला वाटलं, पिर्कोबाई आता विचारतील, बाई गं, कपाट कुठे आहे? कसलं काय! त्या शांतपणे पलंगाला वळसा घालून खिडकीपाशी गेल्या. पलंगाला! वळसा घालून! खिडकीत उभ्या राहिल्या, बराच वेळ डोंगराकडे बघत, आणि म्हणाल्या, "छान उजेड आहे."

"हो ना," आई म्हणाली, "पण तो नाही ना बघायला."

मी पाचेसची पिशवी घेऊन गुपचूप खाली उतरले. वर जायचं कशाला, म्हाताऱ्या बायकांच्या मध्ये पलंगाला अडखळायला!

शुक्रवारी सकाळी पिर्कोबाईंनी वर्गात हात वर केला. "मामाची खोली कायमची आहे, की आत्तापुरती?" पदवी घेतलीय मी, पदवी! म्हटलं, चहा घेऊ या का?

संध्याकाळ झाली. आई चांगली शाल पांघरून पहिल्या रांगेत. शेजारी टेबलावर काय? फोन! राजम्याच्या पातेल्याला टेकवून उभा केलेला, आणि फोनमध्ये कोण? रिगोमामा! कामावरून आलेला, अंगावर डांबराचे डाग. आई म्हणते, "त्यालाही ऐकू दे, त्याच्या घराबद्दल बोलणारेत." म्हणजे आता ती बाई वर काही नाही म्हणणार, ते मामा ऐकणार! माझं भांडण आईशी होतं हो, मामाशी नव्हतं... पण आता काय, बाण सुटलाय!

एका स्विस मुलानं शब्द चुकून आपण फ्रिजमध्ये झोपतो असं सांगून टाळ्या घेतल्या. मग पिर्कोबाई उठल्या. ताठ. हातात चिठोरं नाही.

"मी डोन्या ओफेलियाच्या घरी राहते." म्हणजे आमच्या आईच्या. "फ्रिज बैठकीत आहे. फ्रिजवर देवी आहे. फ्रिजमध्ये दिवा नाही." आईची मान जरा आखडली. "न्हाणीघरात शॉवरला विजेच्या तारा आहेत. मला भीती वाटते. पाणी कोमट आहे." लोक हसायला लागले. "छप्पर गळतं. तिथे पातेलं आहे. सोफ्यावर नोएमी आहे. सोफा लहान आहे. नोएमी लांब आहे. नोएमीचे पाय खुर्चीवर आहेत." मला आतून उकळ्या फुटत होत्या, कारण काय दिसेल ते बोलतेय बाई, एक काडी इकडची तिकडे नाही! आणि आता...

"वर..." पिर्कोबाई थांबल्या. आईकडे बघितलं, फोनकडे बघितलं.

"वर मामाची खोली आहे."

मी डोळे मिटून घेतले.

"खोलीत पलंग आहे. पलंग भिंतीला आहे, उशाला गार लागत नाही. खिडकी मोठी आहे. खिडकीत डोंगर आहे. पडदा निळा आहे. कपाटाचं उजवं दार अडकतं, वर उचलून उघडायचं. कपाटाजवळ सौना आहे."

सौना! मी आईकडे बघितलं, तर आई मान डोलावतेय, "हो, हो, आहे तोही आहे!" टाळ्यांचा कडकडाट! डॉन एव्हारिस्तो चष्मा पुसत उठले, "एकही चूक नाही! एकही!" अहो मुख्याध्यापक, चूक नाही? अख्खी खोली चूक आहे!

फोनमधला मामा हलेना. मला वाटलं, अडकला. मग त्यातून अगदी बारीक आवाज आला, "पडदा निळाच ठेवलास, ताई?"

"मग? दुसरा कुठला ठेवणार?" आई.

मामानं नाक ओढलं. मग म्हणाला, "बाई, त्या खोलीत झोपतं कोण?"

"कोणी नाही," पिर्कोबाई म्हणाल्या. "कुत्रा."

"आणि आमची पोरगी?"

"सोफ्यावर. लांब आहे."

आता मात्र फोन थरथरला. "ताई! खिडकी आहे, पलंग आहे, कपाट आहे, आणि पोरगी खुर्चीवर पाय टाकून झोपते? दे तिला ती खोली!"

"ती तुझी आहे!"

"माझी आहे ना? मग मी देतो."

"आणि तू आलास की कुठे झोपशील?" आईचा आवाज असा चिरकला की पलीकडच्या टेबलावरचे लोकही वळून बघायला लागले. आणि तेव्हा, तुम्हाला सांगते, तेव्हा मला कळलं. मी इतकी वर्षं समजत होते की हट्टी आहे, जुन्या वळणाची आहे, समजत नाही तिला. तिला सगळं समजत होतं. खोली दिली, म्हणजे तो येणार नाही. एवढाच हिशोब होता तिचा, आणि मी ब्लॉकच्या उंचीवरून भांडत होते!

मामा म्हणाला, "ताई, मी येईन तेव्हा येईनच गं. पण माझी पोरं इथली झाली, त्यांची शाळा इथली. येईन तो पाहुणा म्हणून येईन. पाहुण्याला सोफा पुरतो."

"तूही लांब आहेस."

"आखडून घेईन."

आई किती तरी वेळ पातेल्याकडे बघत बसली. म्हणजे फोनकडे. आणि आता ती खोलीच नाही असं म्हणूही शकत नव्हती, आत्ताच तर सौन्यासकट कबूल केली होती! मग तिनं शाल सारखी केली, माझ्याकडे वळली, आणि म्हणते काय, "बघत काय बसलीस? डॉन चेपेला निरोप दे. भिंती जरा बुटक्या आहेत, वाढवून घ्याव्या लागतील."

बुटक्या!

तर चढल्या भिंती. स्लॅब घालायच्या दिवशी तर विचारू नका, अख्खी गल्ली आली, जिन्यापासून वरपर्यंत माणसांची साखळी, बादल्या हातोहात वर, पिर्कोबाई मधोमध डोक्याला फडकं बांधून, आई खाली हंडाभर कोंबडीचं सूप ढवळतेय, आणि मामा फोनमधून ओरडतोय, "पाणी जास्त झालं! चेपे, पाणी जास्त झालं म्हणतो ना!" डॉन चेपेनं शेवटी फोन पालथा ठेवला. खिडकी आईनं जागेवर उभं राहून बोटानं दाखवली, तिथेच बसली. पडदा निळा. कपाट जुन्या बाजारातून आणलं, आणि खोटं वाटेल तुम्हाला, त्याचं डावं दार अडकतं. आई म्हणते, "बघ, थोडक्यात चुकलं."

शेवटी डॉन चेपे करवत घेऊन नव्या छपरावर चढला आणि वरून विचारतो, "डोन्या ओफेलिया, या उरलेल्या सळया कापू ना?"

"हात लावून तर बघ!" आई खालून गरजली. "वर मामाची खोली आहे!"

शपथ! मी मुकाट्यानं चार रिकाम्या बाटल्या वर दिल्या.

म्हणजे जिंकले मी, हो की नाही? अगदी कायद्यानं, साक्षीदारांसमोर जिंकले! स्वतंत्र खोली, दार, कडी, खिडकी, सगळं माझं. फक्त झालंय असं, की सगळ्या घरात डोंगर दिसतो तो त्या एका खिडकीतूनच. म्हणून सकाळी आई विणकाम घेऊन वर. पिर्कोबाई दोन आठवड्यांसाठी आल्या होत्या, त्यांनी मुक्काम वाढवला, त्याही वर, उजेड छान आहे म्हणून. कपितान पलंगावर. शेजारणी खोली बघायला म्हणून येतात आणि मक्याचं गरम अतोल प्यायल्याशिवाय हलत नाहीत. मामासुद्धा रोज संध्याकाळी फोनमधून खिडकीत बसतो, डोंगराकडे तोंड करून ठेवायचं त्याला! आत्ता या क्षणी वर सात माणसं आहेत, हसण्याचा आवाज येतोय ना? आणि खाली चिटपाखरू नाही. खोली माझ्या एकटीची झाली खरी, पण एकटं बसायचं म्हटलं, की मला खाली सोफ्यावर यावं लागतं.